आमची कंपनी तशी नाही

सिडकोतल्या आमच्या गल्लीतले काका वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी स्टाफबसचा हॉर्न ऐकला की त्यांचा हात आपोआप डब्याकडे जातो. मनगटावर पंचवीस वर्षांच्या सेवेचं घड्याळ, खुंटीवर कंपनीची पिशवी, फ्रीजवर कंपनीने दिवाळीला दिलेला कॅसरोल आणि तोंडात एकच वाक्य : "आमची कंपनी तशी नाही हो."

पेपरात कुठल्याही कंपनीची भानगड छापून आली की काका हे म्हणणारच. 2009 मध्ये सत्यमचा घोटाळा बाहेर आला, तेव्हा हैदराबादच्या खोट्या हिशेबांवर वाळूजच्या प्रेसशॉपच्या वतीने खुलासा करणारे शहरात ते एकटेच असावेत.

2016 चा उन्हाळा आठवतो? नाथसागर मृतसाठ्यावर, लातूरला रेल्वेने पाणी, आणि इथे दारूचे कारखाने चालू. शेवटी जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या खंडपीठाने त्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि 10 मेपासून साठ टक्क्यांनी कापायला लावलं. काका हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभे, आणि सांगतायत काय, तर "बघा, वेळ आली की उद्योग पाणी सोडतात!" रांगेतली एक मावशी म्हणाली, "काका, कोर्टानं मान धरली तवा सोडलं." काकांनी हंडा पुढे सरकवला.

बागेत ते कंपनीचं नाव रंगवलेल्या बाकावरच बसतात. आधी रुमालाने पुसतात. हे बाक कंपनीने मनाने दिलंय, अशी त्यांची श्रद्धा. भाच्याने एकदा मोबाइलवर 2013 चा कंपनी कायदा दाखवला. कलम 135 : ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे. काकांनी चष्मा पुसत वाचलं. "कायद्याने का होईना, देते ना! लोक तर कायदा असून देत नाहीत." यावर काय बोलणार? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. आणि एक सांगायला हवं, स्टोअरला असताना या माणसाने घरी एक नटबोल्टसुद्धा आणला नाही. आपल्यासारखीच कंपनी, एवढंच त्याचं गणित.

तोच भाचा आता दुसऱ्या एका कंपनीत ठेकेदाराकडे आहे. ओव्हरटाइम साध्या दराने मिळतो. कायदा दुप्पट म्हणतो, हे काकांना तोंडपाठ. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. पण राग ठेकेदारावर : "त्याने कंपनीला अंधारात ठेवलंय!" लगेच टेबलाशी बसून वळणदार अक्षरात पत्र सुरू केलं : 'आदरणीय कंपनीस, सप्रेम नमस्कार.'

पत्र जरूर पाठवा, काका. फक्त एक प्रत कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.