शिकारी अण्णा

आमच्या खर्ड्यात अण्णांना सगळे ‘शिकारी’ म्हणतात. ही पदवी त्यांनी एकही जनावर न मारता मिळवली आहे. घरात आजोबांची परवान्याची ठासणीची बंदूक आहे. ती रानापेक्षा पोलीस ठाण्यात जास्त वेळा गेली. निवडणूक लागली की जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. मधल्या काळात तिचं काम एकच, भिंतीवर लटकून अण्णांच्या गोष्टींना साक्ष देणं.

चहाच्या टपरीवर अण्णा बसले की आजोबांचे लांडगे आणि रानडुकरं बाहेर पडतात. ऐकणारा उठायला लागला की अण्णा त्याच्या गुडघ्यावर अलगद हात ठेवतात. तो हात पडला की सावज गेलंच म्हणून समजा.

यंदा मात्र कोलोरॅडोत असलेल्या भाच्यानं घात केला. तो पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला निघाला होता आणि त्यानं बर्फाळ डोंगरातला स्वतःचा फोटो मामाला पाठवला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा दांडगा भाऊबंद, नर तीनशे किलोच्याही पुढं जातो. अण्णांनी फोटो तीनदा मोठा करून पाहिला आणि म्हणाले, “पश्चिमेला काय त्यालाच जाता येतं? आपणबी जाऊ.”

खर्ड्याच्या पश्चिमेला जामखेड, आणि त्याच्याही पुढं कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य.

“अण्णा, १९७२ चा कायदा आहे. काळवीट मारलं तर तीन ते सात वर्षं आत.”

“मारतंय कोण? शूटिंग करायचंय!” असं म्हणून त्यांनी खिशातला मोबाईल काढला.

पहाटे चारला निघायचं ठरलं. धपाटी भाजून व्हायची होती, म्हणून साडेसातला निघालो. अण्णा आले ते भडक केशरी जाकीट आणि त्यावर केशरी फेटा बांधून. तिकडं रायफलवाल्या शिकाऱ्याला भडक केशरी नाहीतर गुलाबी घालावंच लागतं, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागत नाही, असं भाच्यानं सांगितलं होतं.

“रेहेकुरीत आपल्याला गोळी कोण घालणार?”

“नियम म्हणजे नियम.”

१९८० साली झालेलं हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. अण्णांनी पाणी मात्र तीन दिवसांचं घेतलं होतं.

आत गेल्यावर बाभळींच्या पलीकडं कळप दिसला. बदामी रंगाच्या बिनशिंगी माद्या चरत होत्या. त्यांच्यापासून जरा दूर, आपल्याच लेंड्यांच्या ढिगाजवळ, पिळदार शिंगांचा काळा नर मालकासारखा उभा होता. ढीग ही त्याची बांधावरची खूण. अण्णा पोटावर पडले आणि सरपटू लागले. वाळल्या गवतातून एक केशरी फेटा पुढं सरकताना काळवीटही टक लावून बघत राहिलं. पंचवीस पावलं उरली, अण्णांनी मोबाईल रोखला आणि त्याच मोबाईलमधून हलगी कडाडली. काकूंचा फोन होता.

“पोचलात का? गोळी घेतली का?”

कळप कमानीसारख्या उड्या घेत पळाला. अण्णाही दचकून उठले आणि उलट्या दिशेनं थेट जीपमध्ये जाऊन बसले.

खर्ड्याला हे नवीन नाही. १७९५ च्या लढाईत मराठ्यांची एक तुकडी रात्री घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेली आणि तिथं निजामाच्या सैनिकांशी गाठ पडली. चार गोळ्या सुटल्या, अंधारात एकच गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. अण्णांनी जीपची काच वर केली, एवढाच फरक.

फोटो एकच आला, अण्णांच्या स्वतःच्या अंगठ्याचा.

दुसऱ्या दिवशी टपरीवर काळविटाची शिंगं दीड हाताची होती. बाजाराच्या दिवशी ती तीन हातांवर गेली. एल्कची शिंगं दरवर्षी गळून नव्यानं फुटतात, काळविटाची जन्मभर तीच राहतात. अण्णांच्या काळविटाची कालपर्यंत चार हात भरली होती आणि ते आता अण्णांच्या अंगावर धावून येत होतं.

मी प्रत्यक्ष साक्षीदार. न राहवून म्हणालो, “अण्णा, ते काळवीट तर...”

माझ्या गुडघ्यावर अलगद हात पडला.