अकरा घोडे आणि एक स्वार

आपली आरएक्स १०० कुणाच्या बापाला ऐकत नाही, असे प्रस्तुत लेखक गेली तीस वर्षे ऐकवत आला आहे. भाच्याने क्लासिक ३५० घेतली, तेव्हा भोकरदन नाका ओलांडून, राजूरच्या रस्त्यावर, पहाटे एकदाचा निकाल लावायचे ठरले. लागला. लेखक पोहोचला तेव्हा भाचा हेल्मेट काढून, चहा सांगून बसला होता.

"मामा, प्लग चोकला असेल तुमचा."

हरण्यापेक्षा ही दया जास्त झोंबली.

पुढचे दोन आठवडे मिस्तरीचा छळ झाला. कार्ब्युरेटर उघडला, सायलेन्सरमधली काजळी जाळली. "गाडीत काहीच खोट नाही," मिस्तरी म्हणाला. 'गाडीत'वर त्याने उगाच जोर दिला.

इथे टू-स्ट्रोकची वकिली केल्याशिवाय लेखकाला पुढे जाववत नाही. फोर-स्ट्रोक इंजिन म्हणजे कचेरीतली फाइल. हवा-पेट्रोल आत घ्या, दाबा, पेटवा, धूर बाहेर काढा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कुठे एकदा जोर लागतो. टू-स्ट्रोक दर फेऱ्याला जोर लावते. कॅमशाफ्टचा लवाजमा नाही, मूठ पिळली की निघाली! ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती निघतात त्या अशा. आणि पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा तो वास! अत्तरवाल्यांनी धडा घ्यावा. आता थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निसटते, हे खरे. शेजाऱ्यांची हिरो होंडा सीडी १०० ही फोर-स्ट्रोक. तीही १९८५ सालीच बाजारात आलेली. शेजारी पंपावर जायचा रस्ता विसरले. लेखकाला मात्र पंपावरची पोरे घरच्यासारखी विचारपूस करत. प्रदूषणाचे नियम आवळत गेले आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. लेखकाने ते मनाला लावून घेतले.

शेवटी त्याने कागद घेतला. आरएक्सचे वजन १०३ किलो, म्हणजे दर १०० किलोंमागे १०.७ अश्वशक्ती. क्लासिक १९५ किलोंची, ताकद २०.२, भागाकार १०.४. जिंकलो! पण या हिशेबात गाडीवर कुणी बसलेलेच नव्हते.

जालन्यात मोसंबी काट्यावर चढते, सळई काट्यावर चढते. लेखक बरीच वर्षे चढला नव्हता. चढला. ८८. भाचा ६२. नवा भागाकार: क्लासिक ७.९, आरएक्स ५.८. गाडी जितकी हलकी, तितके स्वाराचे पोट तिला जड. कॉलेजातले ५८ किलो धरून पाहिले, तरी ६.८ च. म्हणजे तेव्हाही हरलोच असतो. नशीब, भाचा जन्मला नव्हता.

मग वजन उतरवायचे ठरले. गाडीचे. पहिला साडीगार्ड निघाला.

तो लग्नानंतरच्या पहिल्या अंगारकीला, राजूरला जायचे म्हणून बसवलेला. त्या दिवशी ती एका हाताने पदर आणि दुसऱ्याने लेखकाचा खांदा धरून बसली होती. गाडीवर आणखी ४८ किलो होते. भागाकार काहीही सांगो, त्या दिवसाइतकी ती गाडी पुन्हा कधी पळाली नाही.

अंगणात पडलेला साडीगार्ड बायकोने पायानेच सरळ केला. "म्हणजे आता मी बसायचे नाही तर," ती म्हणाली.

लेखक पाना शोधू लागला. तो त्याच्याच हातात होता.