प्रलयाआधीचा गुरुवार

जग बुडण्याची तारीख शुक्रवार, २१ डिसेंबर २०१२ अशी पक्की झाली, तेव्हा जळगावच्या एका घरात भलताच पेच उभा राहिला. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार नेमका आदल्या दिवशी, २० तारखेला होता. घट मांडायचा, कहाणी वाचायची, गोडाचा नैवेद्य दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी जगच नाही! मग उरलेले तीन गुरुवार कोण करणार? उद्यापन तर १० जानेवारीला.

"अहो, उद्यापनाला वाटायच्या सात पोथ्या आणून ठेवल्यात मी. दुकानदार परत घेणार नाही," घरच्या बाई म्हणाल्या.

यजमान गणिताचे निवृत्त शिक्षक. गल्लीत सगळे त्यांना सर म्हणतात, घरातही बरेचदा तेच चालतं. सरांनी वर्तमानपत्रातून डोकंही न काढता निकाल दिला, "राहू दे पोथ्या. हा माझा दुसरा प्रलय आहे. पहिल्यात छडी खाल्लीय मी."

पहिला प्रलय धुळ्याचा. साल १९६२. फेब्रुवारीच्या ३ ते ५ तारखांना मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार, म्हणून देशभर अष्टग्रहीची धास्ती पसरली होती. ठिकठिकाणी यज्ञ पेटले, तुपाचे डबे रिकामे झाले. पंडित नेहरूंनी प्रकरण हसण्यावारी नेलं, पण पंतप्रधानांपेक्षा शेजारच्या काकूंचा शब्द वजनदार असतो, हे तेव्हाही खरं होतं. आता या आठांची हजेरी घेऊ. सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी हे सात. आठवा केतू. केतू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला छेदतो तो बिंदू. तिथे दगड नाही, माती नाही, काहीच नाही. आठ पाहुणे येणार म्हणून मांडव घालावा आणि त्यातला एक पाहुणा नुसता पत्ताच निघावा, तसली गत. अमावास्येला सूर्य-चंद्र या पत्त्याजवळ आले की सूर्यग्रहण होतं. तसं ते ५ फेब्रुवारीला झालंही, खग्रास. पण दिसलं ते न्यू गिनीच्या बाजूला.

सर तेव्हा अकरा वर्षांचे. सोमवारी जग बुडणार, मग मंगळवारचा गृहपाठ कशाला करायचा, असा त्यांनी हिशेब मांडला. गणिताची आवड तेव्हापासूनच. मंगळवारी सकाळी पांझरा नदी होती तिथेच होती, शाळाही होती आणि गुरुजी तर नक्कीच होते. "एकोणीसचा पाढा का नाही लिहिला?" "अष्टग्रही होती, गुरुजी." दोन छड्या पडल्या, एक पाढ्याची आणि एक अष्टग्रहीची. पुढे दोनच आठवड्यांनी, १९ ते २५ फेब्रुवारीत, सार्वत्रिक निवडणुका झाल्या. नुकत्याच जन्मलेल्या महाराष्ट्र राज्याची ही पहिलीच विधानसभा निवडणूक. प्रलयाला घाबरलेली तीच माणसं बोटाला शाई लावून पाच वर्षांचं सरकार निवडून आली.

दुसरा प्रलय परदेशी होता, त्यामुळे त्याची जाहिरात झकास झाली. २००९ साली '२०१२' नावाचा चित्रपट येऊन गेला होता, त्यात डोंगरच्या डोंगर पाण्याखाली जात होते. वाहिन्यांवर रोज संध्याकाळी भेसूर संगीतावर माया लोकांची दिनदर्शिका फिरवली जायची. (बरेचदा दाखवायचे ते दगडी चाक अझ्टेकांचं. म्हणजे प्रलय एकाचा आणि फोटो दुसऱ्याचा.)

मूळ गोष्ट साधी आहे. माया लोक दिवस मोजत. १,४४,००० दिवसांचा एक बाक्तून, असे तेरा बाक्तून म्हणजे १८,७२,००० दिवस. ही मोजणी रूढ हिशेबाप्रमाणे इसवी सनापूर्वी ३११४मध्ये सुरू झाली आणि २१ डिसेंबर २०१२ला तेरा बाक्तून भरले. भरले, संपलं, जग संपलं असं माया लोक कुठेच म्हणत नाहीत. उलट मेक्सिकोतल्या पालेंकेच्या शिलालेखात पकाल राजाच्या राज्यारोहणाचा हिशेब थेट इसवी सन ४७७२पर्यंत नेऊन ठेवलाय. ज्याला २०१२चा भरवसा नव्हता, तो ४७७२ची तारीख कशाला कोरेल?

सरांचं म्हणणं वेगळंच. प्रलयच हवा असेल तर मेक्सिकोला जायची गरज काय? आपल्या पंचांगात साठ संवत्सरांचं चक्र आहे. पहिल्याचं नाव प्रभव आणि साठाव्याचं नाव चक्क क्षय! एवढं अशुभ नाव माया लोकांनाही सुचलं नाही. शके १९०८ हे क्षय संवत्सर होतं. ते १९८७च्या गुढीपाडव्याला संपलं आणि प्रभव सुरू झालं. त्या दिवशी जळगावात काय झालं? लोकांनी कडुलिंब चघळला आणि वर श्रीखंड हाणलं. वाहिनीवाल्यांना हे संवत्सर कुणी सांगितलं नाही हे आपलं नशीब.

भाकितांचं वेड खानदेशात अजिबातच नाही, असा दावा मात्र कुणी करू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर असतात, तेव्हा शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. (हे जळगाव वेगळं. दरवर्षी कुणीतरी आमच्या जळगावात येऊन भेंडवळचा रस्ता विचारतो.) शेतात गोल करून अठरा धान्यं मांडायची, मध्ये खड्ड्यात मातीची ढेकळं, त्यावर घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी. पुरी म्हणजे पृथ्वी, करंजी म्हणजे तिजोरी. रात्रभर तिथे कुणी फिरकत नाही, आणि पहाटे काय हललं ते पाहून पाऊस, पिकं आणि राजाची गादी यांचं भाकीत सांगतात. तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी टीका करतात, गर्दी दरवर्षी जमते. रात्रीतून पृथ्वी गायब झाली तर पहिला संशय खरं तर मुंग्यांवर आणि उंदरांवर घ्यायला हवा. पण एक मान्य करावं लागेल, इथला माणूस निदान पावसाचं विचारतो, प्रलयाचं नाही.

त्या डिसेंबरात धुळ्याकडच्या एका बाजारात ऐकलेला संवाद सर अजून रंगवून सांगतात. व्यापारी हसत म्हणाला, "आप्पा, शुक्रवारी जग बुडी जाई म्हने." म्हातारा शेतकरी शांतपणे म्हणाला, "बुडू दे. कापूसना पैसा आज दे. सकाय कोनकडे मांगू?" त्यावर व्यापारी पटकन बोलला, "शनिवारी देतो, आप्पा." माया दिनदर्शिकेवर इतका थेट अविश्वास नासानेही दाखवला नसेल.

शुक्रवार उजाडला. जळगावात थंडी होती, म्हणजे भरिताचे दिवस. सर मित्रांबरोबर शेतात गेले. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी टाकली, सालं काळी पडून फाटली, गर ठेचला, त्यात कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे आणि तेलाची सढळ धार. सोबत कळण्याची भाकरी. सूर्य मावळेपर्यंत काहीही झालं नाही, फक्त तिखटाने एकाला उचकी लागली. पोथ्या १० जानेवारीला सवाष्णींना वाटल्या गेल्या.

काळाच्या असल्या हिशेबांचं मोठं विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात होतं, हे सर हटकून सांगतात. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या गणिताने कलियुग ४,३२,००० वर्षांचं. २०१२ साली त्यातली ५,११३ झाली होती. म्हणजे बाकी ४,२६,८८७. त्या मठाला निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने कायमचं उत्पन्न लावून दिलं, पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा हिस्साही त्यात आला. शिलालेखात दानाची वेळ नोंदली आहे: प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहण लागलेलं असताना. क्षय संवत्सर त्याच्या काहीच महिने आधी संपलं होतं.