वारस भांडते ठेवण्याची शास्त्रोक्त पद्धत

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त होणाऱ्या गृहस्थाकडे फंड असतो, ग्रॅच्युइटी असते, विम्याची पॉलिसी असते. उणीव असते ती फक्त कौटुंबिक कलहाची. ती अशी भरून काढावी.

पॉलिसीवरचे पत्नीचे नाव काढून पुतण्याचे घालावे. विमा कायद्याचे कलम 39 मुदत संपेपर्यंत नॉमिनी बदलू देते. शाखेत अर्ज देऊन नोंद करून घेतली की झाले. घरी चकार शब्द काढू नये. बॉण्ड कॅरीबॅगेत घालून कपाटात, लग्नातल्या शालूखाली सारावा. तेराव्यानंतर कपाट उघडतेच.

पुढचे काम आपोआप होते. पुतण्या म्हणतो, 'काकांनी मला दिलंय.' काकू म्हणतात, 'हप्ते कुणी पोट मारून भरले?' विमा कंपनी नोंदीप्रमाणे पुतण्याला पैसे देऊन मोकळी होते. पण सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सरबती देवी खटल्यात सांगितले आहे, की नॉमिनी पैसे घेणारा असतो, मालक नव्हे, मालक वारस. म्हणजे आता काकूंनी पुतण्यामागे कोर्टात धावायचे! हिंदू वारसा कायद्याने वारसांत पत्नी-मुलांबरोबर हयात आईही येते. वडील मात्र पहिल्या यादीत नाहीत. हा तपशील ऐनवेळी कळला तर रंगत वाढते.

आळशांनी काहीच बदलू नये. लग्नाआधी आईचे नाव लावून तसेच ठेवलेल्या एकाचे प्रकरण धारवाडला उच्च न्यायालयात गेले. 2015 च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी, मुले यांना नॉमिनी म्हणून लाभाचा हक्क दिला, तरी न्यायालयाने 2025 मध्ये आई, पत्नी आणि मुलगा यांना एकेक तृतीयांश वाटा दिला.

विमा नसेल तर शेअर्सही चालतात. महाराष्ट्राच्या भिंतीभिंतीवर तिथी-मुहूर्त पोचवणाऱ्या जयंत साळगावकरांच्या पश्चात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 14 डिसेंबर 2023 ला निकाल लागला: शेअर्सचा नॉमिनीही मालक नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी घेतली, तर ती पत्नी-मुलांसाठी विश्वस्त निधी ठरते. मग नवऱ्याला मनात येईल तेव्हा नाव फिरवता येत नाही, सावकारालाही सहसा हात लावता येत नाही. आणि मृत्युपत्र तर नकोच. ते साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होते. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही.