पद्मिनीच्या पोटाखाली

2023 च्या ऑक्टोबरात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली आणि अख्ख्या शहराला गहिवरून आलं. तेव्हापासून हौशी मंडळी जुनी पद्मिनी शोधतात, बोनेटवर हात फिरवतात, क्रोमचा बंपर चमकवतात. तिच्या पोटाखाली मात्र कोणी वाकत नाही.

तिथे डांबरी लेपाचे थर असतात. पावसाळा आला की मारा एक हात, ही आपली पिढीजात गंजरोधक पद्धत. खालचा गंज खरवडायचा, हा तपशील प्रत्येक वेळी राहून गेलेला. लेप वाळतो, तडकतो, फटीतून पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. पत्रा आतल्या आत निवांत कुजतो. त्यात या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा गेला की गाडीच गेली.

आता तो लेप काढायचा म्हणजे गाडीखाली उताणं पडून हीट गनने तो मऊ करायचा, पटाशीने खरवडायचा, उरलेला रॉकेलने पुसायचा. ढेकळं पडतात ती नेमकी कॉलरमध्ये. जुन्या काही लेपांत ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून मास्क हवाच. आपल्याकडे मास्क म्हणजे तोंडाला बांधलेला रुमाल.

खरवडता खरवडता पटाशी आरपार जाते आणि वर पायपुसणं दिसतं. डेंटर शांतपणे सांगतो, "साहेब, गाडी डांबरानंच धरून ठेवली होती."

मालक क्षणभर विचार करतो. "मग वरून अजून एक हात मारला तर?"