मराठवाडा मागास म्हणतं कोण?

लातुरात ‘ड्यून’ लावणाऱ्याने आधी ठरवावं, हा कल्पनारम्य सिनेमा म्हणून दाखवायचा की वार्तापट म्हणून! फ्रँक हर्बर्टने १९६५ च्या कादंबरीत तहानलेला वाळवंटी ग्रह रचला, अंगाचा घाम गाळून तोच पुन्हा प्यायला देणारे पोशाख चढवले. जग थक्क झालं. लातूरकराने विचारलं, “ते ठीक आहे, पण टँकर कधी येतो?” २०१६ मध्ये आमच्याकडे पाणवठ्यांभोवती १४४ कलम लागलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे आली. हर्बर्टला वाळूतले अजस्र किडे सुचले, पाण्याची आगगाडी काही सुचली नाही.

त्या ग्रहावर समोर थुंकणं म्हणजे अंगातलं मोलाचं पाणी वाहून दिलेला मान. आमच्या बसस्थानकाच्या कोपऱ्यांना हा मान रोज मिळतो, तोही लालभडक.

नांदेडच्या सिनेचाहत्याची तऱ्हा वेगळी. तेलंगणाला खेटून असलेल्या देगलूर-धर्माबादेत प्रभासचा तेलुगू सिनेमा आला की भाषा आडवी येत नाही. त्याच्या ‘कल्की २८९८ एडी’त काशीची गंगा आटलेली बघून लोक हळहळले. अहो, त्यांना त्यासाठी २८९८ साल गाठावं लागलं. आमचं मांजरा धरण २०१६ लाच कोरडं ठणठणीत होतं. म्हणजे भविष्यकाळात आम्ही तब्बल ८८२ वर्षं आघाडीवर. आता सांगा, मराठवाडा मागास म्हणतं कोण?