एका तारेत पाच कंपन्या : नवशिक्यांसाठी

समजा, कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात इंटरनेटची चुरस लावून द्यायचं तुम्ही मनावर घेतलंय.

आधी तार. ती स्वतः टाकू नये. पैसा खोदाईत जातो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना केंद्रानं २०११ मध्येच मंजूर केली. तिला पुढं भारतनेट म्हणू लागले. अट अशी की, मागेल त्या कंपनीला या फायबरची क्षमता भेदभाव न करता भाड्यानं द्यायची. (असाच शहाणपणा दूरसंचार नियामक ट्रायनं २००४ मध्ये बीएसएनएलच्या तांब्याच्या तारांबाबत सुचवला होता. त्या वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणानं तो सक्तीचा केला नाही. २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे, ते हेच धोरण.)

आता वाटप. जीपॉन पद्धतीत एका फायबरवर सुमारे २.५ गिगाबिट खाली येतात आणि स्प्लिटर ते बत्तीस घरांत वाटतो. घराकडून वर जाणाऱ्या माहितीला मात्र पाळी असते, कालव्याच्या आवर्तनासारखी. पण ती सेकंदाच्या आठ हजाराव्या भागात उरकते आणि पाटकऱ्याला चहा पाजून वाढत नाही.

मग हिशेब. बत्तीसही घरांना शंभर एमबीपीएस विकावेत. सगळे एकदम बसले तर वाट्याला अठ्ठ्याहत्तर येतील, म्हणून जाहिरातीत ‘पर्यंत’ हा शब्द घालावा, बारीक टायपात. घाबरू नये. सगळे एकदम बसत नाहीत, या भरवशावर जगभरचा हा धंदा चालतो. आयपीएलच्या संध्याकाळी तेवढा फोन उचलू नये.

ही एकच तार भाड्यानं घेणाऱ्या पाचही कंपन्यांचे फलक वेगवेगळ्या रंगांत रंगवावेत. ग्राहकाला निवड दिसली पाहिजे.

शेवटी जेसीबी. तो मागवावा लागत नाही. रस्तारुंदीकरण त्याला घेऊनच येतं. त्याचा दात एकदा लागला की पाचही कंपन्या एका क्षणात बंद. चुरस ग्राहकासाठी असते, फायबर कन्नडच्या बाजूनं एकच आलेलं असतं.

तेव्हा ‘बॅकअप’ म्हणून दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घ्यायला कुणी आलं, तर ‘आमची लाईन वेगळी आहे’ असं ठणकावून सांगावं. त्याला खांबाखाली नेऊन ती दाखवावीसुद्धा. ती वेगळी असतेच, खांबापासून त्याच्या ओट्यापर्यंत.